पहिलं पान

सकाळी आठला सुमतीताईंनी वाचनालय उघडलं आणि वर्तमानपत्राची पानं सुटी करून टेबलावर मांडली. पहिलं पान आधी थोरले रंगनाथराव वाचत, मग न बोलता धाकट्या बाबूरावांकडे सरकवत. घराच्या वाटणीवरून अबोला धरलेले हे भाऊ अकरा वर्षं याच टेबलापाशी काय ते भेटत.

आज थोरल्यांची खुर्ची रिकामी होती.

“घ्या की बाबूराव, आज तुमचं राज्य!” समोरच्या मास्तरांनी चिमटा काढला.

“आधी दादा वाचतो.”

सुमतीताई चपापल्या. “त्यांना पहाटे दवाखान्यात नेलंय. अजून शुद्धीवर नाहीत. तुम्हाला कुणी कळवलं नाही?”

बाबूराव उठले. ते पान घडी घालून त्यांनी खिशात ठेवलं. अंक बाहेर न्यायला मनाई होती. ताईंनी अडवलं नाही.

बाराला कुलूप लावेपर्यंत पान परत आलं नव्हतं.