आईच्या गाडीचा रंग

पेरिनने आईच्या घोडागाडीला तिसऱ्यांदा हिरवा रंग दिला, आणि सकाळी त्यावर पुन्हा फोड उठले. जाळाजवळच्या लाकडावर उठतात तसे.

"भिकार रंग आणलास," लेमेंटिना करवादली. "आणि भर जूनमध्ये हातमोजे कसले? नवरदेव आहेस?"

"रंगाला नावं ठेवू नकोस, ताई."

त्यांच्या भटक्या लोकांत माणूस गेलं की त्याची राहती गाडी, गादी, कपबश्या, सगळं त्याच्यामागे जाळतात. आई गेली तेव्हा लेमेंटिनाच आडवी आली. गाडीवरच्या आजोबांच्या कोरीवकामाची राख करायला तिचं मन होईना. मग बहीणभावांनी एक मोडकी गाडी आईच्या गाडीसारखी रंगवून पेटवली आणि सगळा गोतावळा तिच्यापुढे टोप्या काढून रडला. आईची गाडी वीस वर्षं तबेल्यात ताडपत्रीखाली दडून राहिली. आता जत्रेत जुन्या गाड्यांना मान आला, म्हणून ती बाहेर निघाली होती.

"खरवडून पुन्हा रंग दे," लेमेंटिना म्हणाली. "जत्रेत ही मीच हाकणार."

"आईला विचारलंस?"

"मेलेली माणसं जत्रेला येत नाहीत!" म्हणत तिने गाडीच्या दारावर थाप मारली. लाकूड थंडगार होतं. हात मागे घेतला, तर तळव्यावर टपोरे फोड आले होते.

"पेरिन..."

"तू नुसता हात लावलास, ताई. त्या दिवशी त्या खोट्या गाडीला काडी मी लावली होती."

आणि त्याने हातमोजे काढले. मनगटापासून खाली दोन्ही हातांचा कोळसा झाला होता.