भूकंप झाला तरी

गेल्या वर्षी गेटच्या खांबावरचा दिवा बदलताना इलेक्ट्रिशियन दत्ताराम शिडीवरून पडला आणि तीन महिने प्लास्टरमध्ये अडकला. तेव्हापासून दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत चेअरमनसाहेबांचा कडक नियम आहे: वर माणूस असेपर्यंत वॉचमनने शिडी दोन्ही हातांनी धरायची.

आज पुन्हा तोच दिवा गेला. दत्ताराम वर चढला, खाली वॉचमन शिवदास शिडी घट्ट धरून उभा राहिला.

"दत्ता, बिनधास्त काम कर. भूकंप झाला तरी सोडणार नाय."

"नक्की ना रे?"

"आईशप्पथ!"



तेवढ्यात चेअरमनसाहेबांची गाडी गेटमधून आत वळली. शिवदासने शिडी सोडली, टाचा जुळवल्या आणि खणखणीत सलाम ठोकला.