विहिरीजवळची ओळ

तिसऱ्या काचेवरही शेपट्याच होत्या.

रूपालीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. काळोखात पेशींची केंद्रकं हिरवी चमकत होती. ती द्राक्षाच्या मण्यासारखी गोल दिसायला हवी होती. पण प्रत्येकामागे धूमकेतूसारखा पिसारा पसरला होता. म्हणजे आतला डीएनए तुटला होता.

"मॅडम, यात चुकून पेरॉक्साइड पडलं का?" शेजारच्या टेबलावरून स्नेहाने विचारलं.

"नाही. यात नुसता सालींचा अर्क आहे."

"मग माहेरच्या द्राक्षांची पेटी मानवलेली दिसत नाही तुम्हाला!"

रूपालीला हसू आलं नाही. पेरॉक्साइड रक्तपेशींना इजा करतं. काळ्या द्राक्षांच्या सालींतली द्रव्यं ती इजा रोखतात का, एवढंच तिला बघायचं होतं. रक्त तिने स्वतःचंच घेतलं होतं. इथे शत्रू अजून आलाच नव्हता आणि कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

द्राक्षं दिंडोरीजवळच्या माहेरच्या मळ्यातली होती. दत्तूदादा सगळ्या बागेला औषध मारायचा, पण विहिरीजवळच्या ओळीशी आला की ट्रॅक्टरवरचा ब्लोअर बंद करायचा. ती ओळ खाण्यासाठी राखलेली. रूपालीच्या लग्नापासून आई दर हंगामात एक पेटी नाशिकला धाडायची आणि फोनवर सांगायची, "विहिरीजवळची हायेत गं. पोरीला सालीसकट दे, धुवायचीबी गरज नाय." लेक सृष्टी शाळेत डबा भरून न्यायची. प्रयोगासाठीही रूपालीने म्हणूनच बाजारातली द्राक्षं घेतली नव्हती.

फ्रीजरमध्ये आणखी एक घड होता. माहेरी गेली तेव्हा वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टोपलीतून तिने तो सहज उचलून आणला होता. तिने त्याच्या साली काढल्या, तसाच अर्क केला, पुन्हा स्वतःचं रक्त घेतलं. या वेळी काचेवर गोल मणी होते. पेरॉक्साइड घातल्यावरही बहुतेक गोलच राहिले.

अर्क वाचवत होता. पेटीतला मात्र नाही.

दिंडोरीच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिने कारण शोधून ठेवलं. पेट्या भरणाऱ्या बायकांची गडबड झाली असणार. शंभर पेट्यांत एक इकडची तिकडे होतेच. उतरेपर्यंत तिने ते कारण पदरात गाठ मारल्यासारखं घट्ट धरून ठेवलं.

"आल्या का शास्त्रज्ञीणबाई!" दादा पिकअपमध्ये क्रेट चढवत होता. "आता काय आमचं रक्त काढती का?"

आई विहिरीपाशी सावलीत बसून कात्रीने घडांतले खराब मणी काढत होती.

"दादा, माझ्या पेटीत फवारलेला माल आला."

त्याचं हसू ओसरलं. तो उगाच क्रेटचा दोर आवळू लागला. "बायकांनी चुकून भरला असल."

"तेच म्हटलं मी!" रूपालीला एकदम इतकं हलकं वाटलं, की ती आईशेजारी मातीतच बसली.

"चुकून कशाला?" आई म्हणाली. तिचा हात चालूच होता. "तुझी पेटी मीच भरते की, पलीकडच्या ओळींतली. लय गोड हायेत ती. तुला वाईट वाटू नये म्हणून विहिरीजवळची म्हणायचं. दत्तूचा समर्थ ल्हान हाय, त्याच्या पोटात औषध जायला नको."

"सृष्टी त्याच्याच वयाची आहे, आई."

कात्री थांबली. आईने तिच्याकडे पाहिलं, आणि लहानपणी रूपाली शाळेत जायला रडायची तेव्हा समजावायची, तशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"अगं, एवढी एकच तर ओळ. घरच्यांनाच कशीबशी पुरते."