तिच्या वाटचं

वाघिणीला सुई टोचायची असली, की डॉक्टर आधी तिला सांभाळणाऱ्याला बाहेर पिटाळत. "मला वैरी समजली तरी चालेल. तुला माझ्याशेजारी पाहिलं, तर उद्या तुझ्या हातचं खाणार नाही." बारा वर्षं त्याने हा नियम इमानेइतबारे पाळला.

आज डॉक्टरांना पाहताच म्हातारी गुरगुरत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तो सवयीने निघाला.

"थांब. आज तूच हाक मार."

"ये गं बये," तो म्हणाला. ती लंगडत उठली आणि त्याच्यासमोर गजांना अंग लावून उभी राहिली. सुई घुसली तेव्हा तिने वळून पाहिलं, ते त्याच्याकडे.

"घ्या! आता उद्या कशाला खातेय ती माझ्या हातचं?"

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "उद्यापासून तिच्या वाटचं मांस मागवू नकोस."