डाव्या कानावरचा पोचा

ओहायोतल्या आमच्या मैदानावर चिलखतं घालून वेताच्या तलवारींनी लढतात. पंच असतात, पण वार लागला की नाही हे ते सांगत नाहीत. ज्याला लागला त्यानंच "मेलो" म्हणायचं आणि आडवं व्हायचं.

वर्नाचं शिरस्त्राण मी दहा आठवडे ठोकून घडवलं होतं. शेवटच्या लढतीत, जिंकणाऱ्याचा मुकुट तिच्या हाताशी आलेला असताना, समोरच्या डेलबर्टचा वार त्यावर ठणकन वाजला. साऱ्या मैदानानं ऐकला. वर्ना मात्र लढतच राहिली. तिचा पुढचा वार डेलबर्टच्या छातीवर बसला. "मेलो," म्हणून तो गवतात आडवा झाला.

टाळ्या पडल्याच नाहीत. "बाईची कातडी भलतीच जाड आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

वर्ना तणतणत माझ्याकडे आली आणि तिनं शिरस्त्राण काढून माझ्या हातात आदळलं. "काय झालंय काय सगळ्यांना?"

मी डाव्या कानावरचा पोचा दाखवला. सकाळी तो नव्हता. "तुला कळलंसुद्धा नाही. आतली गादी मीच जास्त जाड भरली, गाढव मी."

ती उघड्या डोक्यानं तशीच परत गेली आणि अजून तिथेच पडलेल्या डेलबर्टच्या शेजारी आडवी झाली.

"मेले. तुझ्या आधीच मेले होते. अरे ठोंब्या, सगळ्यांनी ऐकलं, मग तू का नाही बोललास?"

"तुला लागलं की नाही, ते मी कसं सांगणार?" आकाशाकडे बघत डेलबर्ट म्हणाला. "मला लागलं, ते मी सांगितलं."