बाप फार भला झालाय

सुहादच्या कथेखाली पुन्हा कोणीतरी टीका टाचून गेलं होतं. मोसुलच्या विद्यापीठात त्यांच्या विभागाच्या भित्तिपत्रकाची रीतच तशी होती. कथेवर नाव घालायचं, टीकेवर नाही. कागद छापील होता, त्यामुळे अक्षरावरून ओळखायचीही सोय नव्हती.

‘भाषा चांगली. पण लग्न मोडणारा बाप फार भला झालाय. मुलाला त्याने दारातूनच परत पाठवलं, आत ये असंही म्हटलं नाही, हे लेखिका का गाळते?’

सुहादने टीका पुन्हा एकदा वाचली. दारातली ती गोष्ट तिने कथेत घातली नव्हती, रफललाही कधी सांगितली नव्हती.

रफल तिची जिवाभावाची मैत्रीण. ती गालात हसली. “हा तुझा हारिसच. नाहीतर त्या बापावर एवढा राग कोणाचा असणार?”

हारिस शेजारच्या इमारतीत रसायनशास्त्र शिकायचा आणि संध्याकाळी घरच्या मिठाईच्या दुकानात बसायचा. हलवायाच्या घरी मुलगी देणार नाही, असं बाबांनी त्याला ऐकवलं, त्यानंतर तो समोरून आला तरी मान खाली घालून निघून जाई. त्याला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

बाबा म्हणजे उस्ताद गानिम, याच विभागात व्याकरण शिकवणारे. कथा म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं त्यांचं मत होतं.

रात्री जेवताना ते म्हणाले, “गुरुवारी ती माणसं येताहेत. मुलगा सरकारी नोकरीत आहे.”

“विचार करते, बाबा.”

“कर. यावेळी घाई माझ्याकडून नाही.” त्यांनी भाताचं ताट तिच्याकडे सरकवलं. “हल्ली लिहितेस म्हणे काहीतरी.”

“असंच आपलं.”

“लिही. मला पामराला व्याकरणापलीकडे काय कळतंय.”

सुहादने मनाशी ठरवलं. हारिस थांबला असेल तर गुरुवारच्या स्थळाला नाही म्हणायचं, मग घरात काय वाट्टेल ते होवो. नसेल तर मुकाट्याने हो. तिने नवी कथा लिहिली. यावेळी बापाला मुळीच सोडलं नाही. लिहिताना तिला रडू आलं, कारण बाबांवर तिचा जीव होता. शेवटी नायिका विचारते, ‘तू अजून थांबला आहेस का?’

कथा मंगळवारी भिंतीवर लागली. बुधवारी सकाळी सुहाद सगळ्यांच्या आधी विभागात पोहोचली. टीका आलेली होती. तिने आधी डोळे मिटून घेतले, मग वाचायला लागली.

‘आता बाप खरा उतरला. शेवट मात्र बदलावा. मुलगा थांबला आहे, काल त्याच्या दुकानात जाऊन मी स्वतः विचारलं. गुरुवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलंय. बापाला माफ करायचं की नाही, ते मात्र लेखिकेनेच ठरवावं.’