गोटीरामबाबांचा आलेख

जीप नाशिकच्या द्वारका चौकात अडकून पंधरा मिनिटं झाली होती. उपेंद्र फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, "गोटीरामबाबा शुद्धीवर आहेत ना?"

"शुद्धीवर?" जीपमधून गावची आशा सेविका भाग्यश्री म्हणाली, "ते ड्रायव्हरला रस्ता सांगताहेत."

उपेंद्र गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलच्या दारात उभा होता. सकाळी कळवणजवळच्या एका गावातून त्याच्या फोनवर हृदयाचा आलेख आला होता. नाव गोटीराम, वय अडुसष्ट. ठोके मिनिटाला चौतीस, आणि मध्येच एवढा लांब खंड, की आलेख बघताना उपेंद्रचाच श्वास अडकला. हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर स्वरदांनी तो पाहिला आणि एवढंच लिहिलं, 'ताबडतोब आणा. पायी चालू देऊ नका.'

यंत्र उपेंद्रचं होतं. काडेपेटीएवढी डबी. तिच्यावर दोन्ही अंगठे अर्धा मिनिट टेकवायचे, की दिवा लागून आलेख फोनवर. त्याआधी त्याने एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांसाठी खिशाला लावायचा किरणोत्सर्गमापक बनवला होता. डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचं, तर दुप्पट जपून मोजावं, हे तो त्या कामात शिकला. पुढची चार वर्षं या डबीत गेली. आता डॉक्टर स्वरदांच्या देखरेखीखाली दोनशे गावकऱ्यांवर चाचणी चालू होती. गोटीराम एकशे बारावे.

जीप आली. गोटीराम स्वतःच उडी मारून उतरले आणि स्ट्रेचरकडे बघून हसले. "ह्याच्यावर कोण झोपणार, मी?"

त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी मालनबाई उतरल्या. काखेत गाठोडं होतं. जीपचं दार धरून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं मावशी?" उपेंद्रने विचारलं.

"गाडी लागली जराशी."

तपासण्या सुरू झाल्या. हॉस्पिटलच्या मोठ्या यंत्रावर गोटीरामचे ठोके बहात्तर आले. सोनोग्राफी चांगली, रक्त चांगलं. "असे खंड कधी येतात, कधी जातात," डॉक्टर स्वरदा म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत मॉनिटरवर ठेवू."

मालनबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. उपेंद्रने चहा आणि पोहे आणून दिले. दोन घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"खा ना मावशी."

"घशाखाली उतरत नाय भाऊ. जीवाला घोर लागलाय."

सकाळी डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर बोलावलं. मालनबाई अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबल्या. कपाळावर घाम होता. उपेंद्रने त्यांचं गाठोडं घेतलं. म्हणाला, "घाबरू नका. बाबा ठीक आहेत."

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या, आणि हळूहळू उरलेल्या पायऱ्या चढल्या.

डॉक्टर स्वरदांनी गोटीरामना घरी जायची परवानगी दिली आणि उपेंद्रला केबिनमध्ये थांबवून घेतलं.

"वीस तासांत एकही ठोका चुकलेला नाही. माणूस ठणठणीत आहे. तुमचं यंत्र चुकलं, उपेंद्र."

"हो."

"हात हलला असेल. अजून एकदा बघू. एकशे अकरा तर बरोबर आलेत."

उपेंद्रने फोनवरचा आलेख मोठा करून त्यांच्यासमोर धरला. "हात हलला तर रेघ वेडीवाकडी येते, मॅडम. ही बघा किती स्वच्छ आहे. इतक्या स्वच्छपणे यंत्र खोटं बोलत असेल, तर उद्या आजारी माणसालाही ठणठणीत म्हणेल. तो निवांत शेतात जाईल."

डॉक्टरांनी फोन हातात घेऊन आलेख पुन्हा पाहिला.

"चाचणी थांबवू," तो म्हणाला. "मीच लिहून देतो."

त्याने तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. सही करताना त्याला वाटलं होतं तितका त्रास झाला नाही. फक्त खूप थकल्यासारखं वाटलं.

खाली गोटीराम टोपी घालून तयार होते. "तोंड पाडू नका भाऊ. चुकून का होईना, माझं इंजिन तपासून झालं." आणि ते भाग्यश्रीला घेऊन जीप बघायला गेले.

मालनबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उपेंद्र वही घेऊन त्यांच्या शेजारी बसला. यंत्र चुकलं ते नेमकं कशाने, हे कळल्याशिवाय त्याला अहवाल पुरा करता येणार नव्हता.

"मावशी, काल सकाळी बाबांनी डबी धरली, तेव्हा ते बसलेले होते की उभे?"

मालनबाईंनी दाराकडे पाहिलं. "कशाला इचारता?"

"लिहायचंय. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही."

"भाग्यश्रीलाबी बोलू नका. गुणाची पोर हाय. ह्यांचं नाव टाकून तिनं डबी न् फोन बाजेवर ठेवला, आन् शेजारी बाळंतिणीला बघाया गेली. दिवा लागला की झालं, म्हणाली."

"बरं. मग?"

"ह्यांच्या अंगठ्याला निस्ते घट्टे. दिवा लागंचना. हे वैतागले न् गेले पाणी भरायला. पोरीची खेप वाया नको जायला, म्हून मीच धरली." मालनबाई ओशाळं हसल्या. "माझा लगेच लागला बघा."